न मळता होणारा पाव

आमच्या घरात पावाबद्दल शेवटचा शब्द माझ्या सासऱ्यांचा असतो. अब्बाजींनी नागपुरात सदतीस वर्षे बेकरीच्या भट्टीवर काम केले. रात्री अकराला ते घरातून निघत आणि फजरच्या सुमारास कपड्यांना मैद्याचा वास घेऊन परतत. कुठलाही पाव हातात घेऊन नुसता दाबला की ते सांगत, खमीर पुरते आले होते की कारीगराने घाई केली. काम सोडल्यानंतरही रमजानमध्ये ते घरी डबलरोटी करत. परातीत मैदा घेऊन अर्धा-पाऊण तास मळत बसत आणि मुलांना जवळ बसवून खमिराचा वास ओळखायला शिकवत.

मग संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली. मळताना मनगटातून कळ निघू लागली. एके वर्षी त्यांनी परात बाजूला सरकवली, आणि त्यानंतर घरच्या पावाचा विषय कोणी काढला नाही. अम्मी गेल्यानंतर तर त्यांचे बोलणेच कमी झाले. जेवायला बोलावले की येत, समोर येईल ते दोन घास खात आणि उठत.

२०२० चा रमजान त्यांना फार जड गेला. २५ एप्रिलला पहिला रोजा होता. त्या दिवसांत सतरंजीपुरा आणि मोमीनपुरा हे भाग सील झाले होते. एरवी रमजानच्या संध्याकाळी मोमीनपुऱ्यात पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी पत्रे ठोकून रस्ते बंद होते. मशिदी बंद, तरावीह घरात. आमच्या जवळची बेकरीही बंद पडली, कारण कारीगर आपापल्या गावी निघून गेले होते. किराणा दुकानात यीस्टची पुडी मिळेना. मुलांना डबलरोटी आठवत होती, पण आजोबांसमोर ती बोलत नव्हती.

माझी भाची डब्लिनमध्ये नर्स आहे. एका रात्री तिचा फोन आला. घरातली विचारपूस झाल्यावर पावाचा विषय निघाला, तेव्हा ती म्हणाली, "खाला, इथले लोक यीस्टशिवाय पाव करतात. पीठ, मीठ, खायचा सोडा आणि ताक. बस्स. आणि मळायचा मुळीच नाही." तिचे शेवटचे वाक्य मी पुन्हा म्हणायला लावले.

अब्बाजींना सांगितले तर ते म्हणाले, "बेटा, सोडा भजांना. पावाला खमीर लागतो."

त्यांचे म्हणणे कारीगराचे होते आणि खरेही होते. खमीर हा जिवंत असतो. तो पिठातली साखर खात सावकाश वायू सोडतो आणि मळून मळून चिवट झालेले पीठ तो वायू धरून ठेवते. म्हणून पाव मऊ आणि जाळीदार होतो. सोड्याची रीत वेगळी. सोड्याला आंबट लागताच तोच वायू एकदम सुटतो, आणि तो उडून जायच्या आत पीठ आचेवर गेले पाहिजे. हा पाव डबलरोटीसारखा होत नाही. वरून कडक, आतून दाट आणि जरासा ठिसूळ होतो. त्याला डबलरोटी समजून खाल्ले तर निराशाच होईल. वेगळी वस्तू समजून खाल्ले तर आवडेल.

आयर्लंडच्या लोकांनी ही रीत धरली त्याला कारणे होती. तिथल्या ओलसर हवेत पिकणारा गहू मऊ असतो, त्यात चिवटपणा कमी, त्यामुळे खमिराच्या पावाला तो फारसा जमत नाही. पण घरोघरी लोणी काढत, तेव्हा आंबट ताक भरपूर उरे. एकोणिसाव्या शतकात खायचा सोडा स्वस्तात मिळू लागला आणि गरिबाच्या घरातही पाव होऊ लागला. भट्टी तर नव्हतीच. जाड लोखंडी भांड्यात पीठ ठेवायचे, भांडे जळत्या पीटवर, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीवर, टांगायचे किंवा ठेवायचे आणि झाकणावर निखारे पसरायचे. हे ऐकल्यावर अब्बाजी पहिल्यांदा सरसावून बसले. "म्हणजे दमच की," ते म्हणाले. बिर्याणीच्या देगेवर निखारे ठेवलेला माणूस, त्याला हे वेगळे समजावायची गरज नव्हती. विदर्भातले रोडगेही गोवऱ्यांच्या निखाऱ्यातच भाजले जातात.

त्या देशाने भूक फार पाहिली आहे. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि बटाट्यावरच जगणारी गरीब माणसे उघडी पडली. काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. त्या वेळी मदत दूरदूरहून आली. सुरुवातीच्या मदतीपैकी काही आपल्या कलकत्त्याहून गेली होती. १८४७ मध्ये उस्मानी सुलतान अब्दुल मजीद यांनी एक हजार पौंड पाठवले. ही गोष्ट मी मुलांना इफ्तारच्या आधी सांगितली. धाकट्याने विचारले, "आपणही पाठवले आणि सुलताननेही?" मी म्हटले, हो, भुकेल्याला विचारून देत नाहीत.

आता कृती सांगते. आपल्याकडच्या वस्तूंना जुळवून घेतलेली आहे.

पाव किलो चक्कीची कणीक आणि पाव किलो मैदा घ्या. नुसत्या कणकेचाही होतो, फक्त जड होतो. त्यात एक सपाट चहाचा चमचा खायचा सोडा आणि एक लहान चमचा मीठ घालून दोनदा चाळा. सोडा गुठळी होऊन राहिला तर तिथे पिवळा डाग पडतो आणि साबणासारखी चव लागते. सोडा खायचाच आहे ना, हे पुडीवर वाचून घ्या. धुण्याचा सोडा वेगळा असतो आणि तो पोटात जाता कामा नये.

ताकाच्या बाबतीत थोडे लक्ष द्या. आपण पितो ते ताक पातळ असते, त्याने काम होत नाही. तीनशे ग्रॅम आंबट दह्यात साधारण सव्वाशे मिलिलिटर पाणी घालून घुसळा, म्हणजे हवे तसे दाट ताक होते. नागपूरच्या मे महिन्यात दही आंबट करायला काही करावे लागत नाही. सकाळचे दही दुपारपर्यंत तयार. घरात दही नसेल तर चारशे मिलिलिटर कोमट दुधात दोन मोठे चमचे लिंबाचा रस घालून दहा मिनिटे ठेवा. दूध फाटल्यासारखे दिसेल, तेच हवे आहे. पण दही किंवा लिंबू यांपैकी काहीही न घालता नुसत्या दुधात सोडा टाकू नका. आंबटाशिवाय सोडा नीट फुलत नाही.

आधी ओव्हन २२० अंशांवर तापत ठेवा, मगच पीठ भिजवा. पिठात मध्ये खळगा करून बहुतेक सगळे ताक एकदम ओता आणि बोटे पसरून, पंजा गोल फिरवत पीठ गोळा करा. चक्कीची कणीक पाणी जास्त पिते, म्हणून उरलेले ताक लागेल तसे घाला. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि चिकट असला पाहिजे. अर्ध्या मिनिटात हात बाहेर. मळले तर पाव दगडासारखा होतो. कोरड्या पिठावर गोळा घेऊन दोन बोटे उंचीची गोल थापी करा, वरून खोल चीर द्या आणि लगेच भाजायला ठेवा. पंधरा मिनिटांनी आच २०० अंशांवर आणा आणि आणखी अर्धा तास ठेवा. उलटा करून बुडावर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाला.

ओव्हन नसेल तर अर्ध्या मापाचाच करा. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात दोन वाट्या जाडे मीठ पसरा, त्यावर स्टँड ठेवा, झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवा. मग तेल लावलेल्या ताटलीत गोळा ठेवून झाकण घट्ट बसवा आणि मंद-मध्यम आचेवर पस्तीस ते चाळीस मिनिटे ठेवा. वरून रंग येत नाही, म्हणून शेवटी तव्यावर पालथा घालून तीन-चार मिनिटे भाजा. याहून सोपे हवे असेल तर अर्धा इंच जाडीची थापी करून तिचे चार तुकडे करा आणि मंद आचेवरच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी आठ-दहा मिनिटे भाजा. उत्तर आयर्लंडमध्ये तव्यावरचे असे चतकोर रोजच्या खाण्यात असतात.

आमच्याकडे एक प्रश्न चिरेवरून निघाला. भाचीने पाठवलेल्या फोटोत पावावर अधिक चिन्हासारखी चीर होती. माझ्या नणंदेने फोनवर ते पाहून विचारले, "भाभी, हा क्रॉस आहे का? आपण कसा करायचा?" तिकडे काही घरांत त्याला धार्मिक अर्थ देतात, परी बाहेर जावी म्हणून चीर द्यायची अशी लोककथाही आहे. मी अब्बाजींकडे पाहिले. ते म्हणाले, "चीर पावाला लागतेच. दिली नाही तर तो स्वतःच्या मर्जीने कुठूनही फाटतो. मधल्या कच्च्या भागाला आच पोहोचायला वाट लागते. तुला नको असेल तर तीन चिरा दे." आमच्या पावाला तीन चिरा असतात. भाजण्यात काही फरक पडत नाही.

त्या दिवशी असरनंतर मी सगळे काढून ठेवले आणि परात त्यांच्यासमोर ठेवली. "अब्बा, याला जोर नको. फक्त बोटे फिरवायची." त्यांनी बिस्मिल्लाह म्हणून हात घातला. वाकडी बोटे पसरलेलीच होती, कृतीत सांगितल्याप्रमाणे. चार-पाच वेळा पंजा फिरला, गोळा जमला, ते थांबले. "एवढंच?" त्यांनी विचारले. मनगट चोळायची वेळ आली नाही.

पाव निघाल्यावर त्यांनी तो फडक्यात धरून कानाशी नेला, बुडावर टिचकी मारली आणि आणखी पाच मिनिटे आत ठेवायला सांगितला. इफ्तारला खजूर आणि पाण्यानंतर त्यांनी शोरब्यात बुडवून एक चतकोर खाल्ला, मग दुसरा मागितला. "हा पाव नाही," ते म्हणाले, "पण चांगला आहे." मुलांना आणखी काय हवे होते? कितीतरी दिवसांनी आजोबा जेवणावर बोलले होते. त्यानंतर ईदपर्यंत एक दिवसाआड परात त्यांच्यापुढे जाऊ लागली. मोठ्या मुलीने वजन करायचे, धाकट्याने चाळायचे आणि बोटे आजोबांनी फिरवायची, अशी वाटणी झाली.

काही गोष्टी अनुभवाने कळल्या. हा पाव त्याच दिवशी चांगला लागतो. दुसऱ्या दिवशी सहरीला तव्यावर तूप लावून भाजावा. खिमा, डाळ, शोरबा यांच्याबरोबर छान जातो. मुलांसाठी मूठभर मनुका आणि दोन चमचे साखर घातली तर चहाबरोबर चालतो. आयर्लंडमध्ये मनुकांच्या पावाला 'ठिपक्यांचा कुत्रा' अशा अर्थाचे नाव आहे. ते ऐकून मुले हसत सुटली आणि अब्बाजींनी ते नाव दस्तरखानावर घ्यायला मनाई केली. घरात ब्लडप्रेशरचे कोणी असेल तर मीठ अर्धे करा आणि रोज खायचा विचार असल्यास डॉक्टरांना विचारा, कारण सोड्यातूनही सोडियम पोटात जाते. पुडी जुनी असेल तर चिमूटभर सोड्यावर लिंबू पिळून पाहा. लगेच फसफसला नाही तर नवीन आणा.

आता बेकरी सुरू आहे, यीस्टही मिळते. माझी मुलगी खमिराची डबलरोटी करायला शिकली आहे. अब्बाजी खुर्चीवर बसून सांगतात आणि ती मळते. सोड्याचा पाव मात्र ते कोणाला करू देत नाहीत. आपल्या घरात असे कोणी वडीलधारे असतील, ज्यांचे हात थकले आहेत पण स्वयंपाकाची समज शाबूत आहे, तर पीठ चाळून, ताक घुसळून परात त्यांच्यापुढे ठेवून पाहा. भांडे तापवायचे काम तेवढे आधी करून घ्या, कारण पीठ भिजल्यावर वाट पाहायला वेळ नसतो.