स्टेल्व्हिओच्या घाटातील जुन्या व्हॅन

उत्तर इटलीतील प्राटो हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ९१५ मीटर उंचीवर आहे. तेथून निघणारा रस्ता अवघ्या २४ किलोमीटरांत स्टेल्व्हिओ खिंडीत, म्हणजे २,७५७ मीटरांवर जाऊन पोहोचतो. लोम्बार्डी प्रांत साम्राज्याच्या उर्वरित भागाशी जोडावा म्हणून ऑस्ट्रियाच्या राजवटीने १८२० ते १८२५ या काळात हा रस्ता बांधून घेतला. कार्लो डोनेगानी हे त्याचे अभियंता. या बाजूने चढताना ४८ तीव्र वळणे लागतात आणि समोर ऑर्टलरचे हिमाच्छादित शिखर सतत दिसत राहते. घोडागाड्यांसाठी आखलेला हा रस्ता आज मोटारींची परीक्षा घेतो.

उन्हाळ्यात येथे हौशी प्रवाशांच्या जुन्या व्हॅन येतात. वळणावर वेग मोडतो, चालकाला दुसऱ्यावरून पहिल्या गिअरवर यावे लागते आणि तेथेच कुरकुर सुरू होते. ‘गिअरबॉक्स गेला’ असे म्हणून लोक मोकळे होतात. वास्तविक गिअरबॉक्स आणि चालकाच्या हातातील दांडी या दोन स्वतंत्र वस्तू आहेत. ताळेबंद जुळला नाही, तर मूळ व्यवहार चुकला की नोंद चुकली हे आधी पाहावे लागते. येथेही न्याय तोच.

फोक्सवॅगनच्या जुन्या व्हॅनमध्ये हा भेद सर्वांत स्पष्ट दिसतो. १९५० पासून तयार झालेल्या आणि १९५६ नंतर हॅनोव्हरच्या कारखान्यातून बाहेर पडू लागलेल्या या गाडीचे इंजिन व गिअरबॉक्स मागच्या टोकाला, तर चालक अगदी पुढे. दांडी त्याच्या पायाशी जमिनीतून वर येते आणि तिची हालचाल गाडीच्या तळाखालून जाणारी लांब सळई मागे पोहोचवते. या सळईचे सांधे आणि बुश झिजले की दांडी खिचडीतल्या पळीसारखी फिरते. गिअर कोठे आहे ते हाताला कळेनासे होते. रिव्हर्ससाठी तर दांडी खाली दाबून, डावीकडे नेऊन मागे ओढावी लागते; तेथे ढिलेपणा लगेच उघड होतो. मागच्या पेटीतील दाते मात्र अशा वेळीही शाबूत असू शकतात. आपल्याकडील मारुती ओम्नीचे इंजिन पुढच्या आसनांखाली असल्याने इतक्या लांब सळईचा प्रश्नच उद्भवला नाही.

याउलट इंग्लंडमधील बेडफर्ड सीए. १९५२ ते १९६९ या काळात निघालेल्या या व्हॅनला बहुधा तीनच गिअर असत आणि दांडी स्टीअरिंगच्या दांड्याला जोडलेली असे. मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीत बसलेल्यांना ही रचना परिचित आहे. तिच्यामागे व्यापारी हिशेब होता. पायाशी दांडीची अडचण नसली की पाव किंवा दूध पोहोचवणारा माणूस सरकत्या दारातून हव्या त्या बाजूने उतरू शकतो. दिवसातून शंभर वेळा चढउतार करणाऱ्याला ही सोय लहान नाही. मात्र हाताची हालचाल सळ्या आणि तरफांमधून वळत वळत गिअरबॉक्सपर्यंत जाते, आणि सांधे सैल झाले की गिअर मध्येच अडकतो.

फ्रान्सच्या सिट्रोएन एच व्हॅनची गोष्ट निराळी. तिची चालना पुढच्या चाकांना आहे, गिअर तीन आणि पहिल्याला सिंक्रोनायझर नाही. गाडी चालू असताना पहिल्यावर यायचे तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून किंचित अ‍ॅक्सिलरेटर, मग पुन्हा क्लच, असा दुहेरी खेळ जमला पाहिजे. येथे दांडीचे सांधे कितीही घट्ट केले तरी उपयोग नाही. पेटीची रचनाच तशी आहे.

जुनी व्हॅन विकत घेणाऱ्याने म्हणूनच आधी दोष कोठे आहे ते ओळखावे. सगळेच गिअर सापडायला कठीण, पण एकदा पडल्यावर गाडी शांत चालते, तर संशय सांध्यांवर घ्यावा. हा दोष थोडक्या खर्चात निघतो. एकाच गिअरला खरखर होत असेल, तर पेटी उघडावी लागण्याची शक्यता अधिक. सर्वच गिअर पडताना करकरत असतील, तर क्लच पुरता सुटतो का ते पाहावे. विक्रेता पहिल्या दोषाला तिसऱ्याचे नाव देऊ शकतो आणि गॅरेजवाला पहिल्याला दुसऱ्याचे; दोघांच्याही बोलण्यावर आकडा ठरवू नये.

गिअर आपोआप निसटणे हा यांतला सर्वांत वाईट दोष. त्याचे मूळ कधी झिजलेल्या दात्यांत असते, तर कधी सळईची जुळणी बिघडल्याने गिअर अर्धाच पडलेला असतो. चढावर तो निसटला तर गाडी फार तर थांबते. स्टेल्व्हिओच्या माथ्यावरून पलीकडे बोर्मिओ सुमारे १,५०० मीटर खाली आहे. त्या उतारावर दुसरा गिअर निसटला की इंजिनाचा अटकाव संपतो आणि सगळा भार जुन्या ड्रम ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की त्यांची पकड घटते. म्हणून जाणते चालक माथ्यावर पोहोचले की दांडी हलवून पाहतात, गिअर पूर्ण बसला आहे याची खात्री करतात आणि ज्या गिअरने चढले त्याच गिअरने बोर्मिओकडे उतरू लागतात.