किल्ली आणि विश्वास

पेढीच्या व्यवहारात किल्ली हा विश्वासाचा विषय असतो. तिजोरी कोणी उघडावी, वही कोणी मिटावी, हे घराण्यात न बोलता ठरलेले असते. संगणक आल्यापासून पासवर्ड ही आणखी एक किल्ली झाली. ती कोणाच्या हाती असावी, हे मात्र अनेक घरांत अजून नीट ठरलेले नाही.

दक्षिण महाराष्ट्रात हळद-गुळाचा व्यापार करणाऱ्या एका जैन कुटुंबाची मुख्य पेढी आणि तीन शाखा आहेत. घरातील थोरल्या सुनेने सर्व संगणक एका मध्यवर्ती व्यवस्थेखाली आणले. कोणत्या संगणकावर काय बसवायचे, हे मुख्य पेढीतून ठरू लागले. बाजार समितीच्या आवारातील शाखा ३२ वर्षे एकाच दिवाणजींच्या हाताखाली होती. तिथल्या तिजोरीची किल्ली त्यांच्याच कमरेला असे.

एका सोमवारी माल भरलेला ट्रक दारात उभा होता. मालाच्या बिलाच्या तीन प्रती लागतात: मूळ प्रत खरेदीदाराची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी पेढीची. छापण्याची आज्ञा देताच संगणकाने प्रशासकाचा पासवर्ड मागितला. कारकुनाने यादीतील त्याच प्रिंटरचे दुसरे नाव निवडले, तर अगम्य चिन्हांची पानामागून पाने बाहेर पडली आणि पुढे छपाईच थांबली. दिवाणजींनी फोनवर पासवर्ड मागितला. सूनबाईंनी नम्रपणे नकार दिला, बिलाची पीडीएफ मागवून घेतली, मुख्य पेढीत छापली आणि एका मुलाबरोबर मोटारसायकलवरून पाठवली. ट्रक मार्गस्थ झाला. दिवाणजी मात्र दुखावले. “इतकी वर्षे तिजोरी सांभाळली, वहिनी. आता कागद छापायलाही परवानगी मागायची?” एवढेच ते म्हणाले.

दुपारी सूनबाई स्वतः शाखेत आल्या आणि दिवाणजींशेजारी खुर्ची घेऊन बसल्या. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांच्यामधला दुभाषा, हे त्यांनी प्रथम सांगितले. प्रिंटरला न कळणाऱ्या भाषेत मजकूर गेला, की अशी निरर्थक चिन्हे उमटतात. पूर्वी छपाई अडली की कोणीतरी नवा ड्रायव्हर बसवी आणि जुना तसाच राही. म्हणून एकाच प्रिंटरची तीन नावे यादीत जमली होती. नाव पुसले तरी त्यामागचा ड्रायव्हर विंडोजमध्ये शिल्लक राहतो. शिवाय छपाईची कामे रांगेने पुढे पाठवणारी स्पूलर ही सेवा सर्व प्रिंटरांसाठी एकच असते. एका सदोष ड्रायव्हरमुळे ती कोसळली, तर चांगले प्रिंटरही बंद पडतात.

मग पासवर्डाचे कारण निघाले. जुलै २०२१ मध्ये स्पूलरमधला ‘प्रिंटनाइटमेअर’ हा दोष उघड झाला. ड्रायव्हर बसवण्याच्या वाटेने परक्याला संगणकाचा पूर्ण ताबा घेता येत होता. १० ऑगस्ट २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टने प्रिंटरचा ड्रायव्हर बसवणे वा बदलणे हे काम मुळातच प्रशासकाच्या अधिकारात नेले. रविवारी सर्व्हरवर नवी आवृत्ती घातली गेली होती. शाखेत जुनी होती, म्हणून संगणक अडला. “काका, हा पासवर्ड मोठ्या शेठजींनाही दिलेला नाही. एका संगणकावरून चारही ठिकाणचा हिशेब उघडा पडू शकतो,” असे त्या म्हणाल्या.

त्यांनी स्पूलर थांबवला, अडकलेली कामे पुसली आणि तो पुन्हा सुरू केला. यादीतील जादा नावे काढली. नंतर प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन जुने ड्रायव्हर त्यांच्या पॅकेजसह हटवले आणि सर्व्हरने मान्य केलेला एकच ठेवला. चाचणीचे पान स्वच्छ आले. “म्हणजे हा परिग्रहच साचला होता,” दिवाणजी म्हणाले. मग त्यांनी शांतपणे विचारले, “पण बदल बाजाराच्या दिवसाच्या तोंडावरच कशासाठी?”

या प्रश्नाला सूनबाईंपाशी उत्तर नव्हते. त्यांनी तो मान्य केला आणि त्यातूनच पेढीचा नवा नियम झाला. आता कोणताही बदल प्रथम शाखेतील एकाच संगणकावर, संध्याकाळी बाजार उठल्यावर, दिवाणजींच्या देखत होतो. तीन प्रती नीट छापल्या गेल्या, तरच तो इतरत्र जातो. आणीबाणीसाठी वेगळा पासवर्ड मोहोरबंद पाकिटात घालून शाखेच्या तिजोरीत ठेवला आहे. तो वापरला गेला, तर त्याच दिवशी बदलायचा.

अधिकार एका हाती असणे म्हणजे इतरांवर अविश्वास नव्हे. परंतु ज्याच्या हाती तो आहे, त्याने कारण सांगण्याचे आणि अडचणीच्या वेळी धावून येण्याचे कर्तव्यही पत्करावे लागते. एरवी योग्य नियमसुद्धा जुन्या माणसाला अपमानासारखा बोचतो. त्या पाकिटाची मोहोर अजून शाबूत आहे. तिजोरीची किल्ली पूर्वीप्रमाणेच दिवाणजींपाशी असते.