निळा डाग

घरातील काही वस्तू माणसांबरोबर म्हाताऱ्या होतात आणि माणसांइतकाच मान मिळवून बसतात. आमच्या कळंबच्या घरातील लोकरीचा गालिचा हा असाच एक वडीलधारा आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आमचा जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्या दिवसांत वडिलांचे नोकरीनिमित्त वरंगळला जाणे झाले आणि येताना त्यांनी तो आणला. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात वरंगळचे गालिचे मांडले गेले होते, हे ते प्रत्येक पाहुण्याला आवर्जून सांगत. एरवी कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, गुंडाळून तो माळ्यावर ठेवलेला असे. नाताळ, पुनरुत्थानाचा सण आणि घरात होणारी मिस्सा, एवढ्याच प्रसंगी तो खाली उतरे.

या गालिच्याच्या कडेला तळहाताएवढा एक निळसर डाग आहे. तो पडला दुसऱ्याच्या हातून, पण कायमचा केला आम्ही. म्हणूनच त्याची हकिकत सांगण्याचा अधिकार आमच्याकडे येतो.

२०११ सालचा नाताळ. चिरंजीवांचे लग्न होऊन सात महिने झाले होते. सूनबाई मूळच्या नाशिकच्या. पहिल्या नाताळासाठी त्यांनी माहेराहून तांबड्या द्राक्षारसाची एक बाटली मोठ्या हौसेने आणली होती. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून, लांबचा प्रवास करून आम्ही घरी परतलो होतो. गोठ्यापुढे मेणबत्ती लावून प्रार्थना झाली, करंज्या आणि केक यांची ताटे फिरली. सूनबाई पेले घेऊन येत असता गालिच्याच्या दशांत त्यांचा पाय अडकला आणि एक भरलेला पेला उपडा झाला.

क्षणभर कोणीच बोलले नाही. मग आम्ही उठलो. वाकून पुसण्याआधी आमच्या तोंडून वाक्य निघाले : "तुमच्या नाशिकला चालत असेल हे. आमच्या घरात वस्तू जपून वापरतात."

पुढचे काम आम्ही तितक्याच त्वेषाने केले. कढत पाणी आणविले, त्यात धुण्याचा सोडा घातला, कपड्याच्या साबणाची वडी घेतली आणि ब्रशाने खसाखसा घासू लागलो. सौ. म्हणत होत्या, "अहो, जरा थांबा." आम्ही थांबलो नाही. पाहता पाहता तांबडा रंग जांभळा झाला, जांभळ्याचा निळा झाला आणि रुपयाएवढा डाग तळहाताएवढा पसरला. लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतून त्या जागी नमद्यासारखा गठ्ठा बनला. सूनबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पेले धुऊन पालथे घातले आणि उरलेली बाटली फळीवर मागे सरकवून ठेवली. त्यानंतर पुढील नाताळांना त्या माहेराहून चिवडा आणीत, मनुका आणीत. बाटली मात्र पुन्हा आली नाही. आमच्या ध्यानात ते आले होते. परंतु ध्यानात येणे वेगळे आणि मनाला लागणे वेगळे.

पुढे २०१६ चा उन्हाळा आला. मराठवाड्यातील कोणीही तो विसरणार नाही. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. आमच्याकडेही टँकरची वाट पाहत घागरींच्या रांगा लागत. त्याच एप्रिलमध्ये, पुनरुत्थानकाळात, आमच्या घरी मिस्सा ठरली. आमच्या भागात कॅथलिक कुटुंबे विखुरलेली आहेत. फादर येतात तेव्हा चार घरची माणसे एका ओटीवर जमतात. गालिचा अंथरला, निळ्या डागावर पाट ठेवून तो झाकला, मेजावर पांढरे वेदीवस्त्र घातले.

फादर वयाने थोर होते. ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या वेळी चषक ठेवताना त्यांचा हात थरथरला आणि परमपवित्र रक्ताचे दोन-तीन थेंब गालिच्यावर पडले. फादर थांबले. सोबत आलेल्या सिस्टर शांतपणे पुढे झाल्या, त्यांनी चषक पुसण्याचे पांढरे वस्त्र त्या जागेवर अलगद ठेवले आणि मिस्सा पुढे सुरू झाली. कोणाच्याही कपाळावर आठी नव्हती. फादरांच्या डोळ्यांत मात्र पाणी होते.

मिस्सा संपल्यावर सिस्टरांनी एक तांब्या स्वच्छ, गार पाणी मागितले. वस्त्र दाबून त्यांनी ओल टिपली. मग थोडे पाणी शिंपडले, पुन्हा टिपले, वस्त्र वाडग्यात पिळले. असे तीन वेळा केले. घासणे एकदाही नाही. ते पाणी त्यांनी अंगणातील डाळिंबाच्या मुळाशी ओतले. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांतील २८० व्या परिच्छेदात याविषयी सांगितले आहे : पवित्र रक्त सांडल्यास ती जागा पाण्याने धुवावी आणि ते पाणी सॅक्रेरियममध्ये ओतावे. सॅक्रेरियम म्हणजे गटाराला न जोडलेले, थेट जमिनीत उतरणारे कुंड. वेदीची वस्त्रे आधी हाताने धुवावीत आणि ते पाणी अशा कुंडात किंवा जमिनीत योग्य जागी ओतावे, असे २००४ च्या 'रेदेम्प्तिओनिस साक्रामेंतुम' या निर्देशपत्रातही म्हटले आहे. आमच्या घरी कुंड नव्हते, डाळिंब होते.

आम्ही सिस्टरांना म्हणालो, "फादरांचा द्राक्षारस फिकट रंगाचा होता. इथे डाग तर दिसतही नाही."

सिस्टर म्हणाल्या, "दिसत नाही म्हणून सांडले नाही, असे होते का?"

वस्त्रे घडी करता करता त्यांनी पाट बाजूला सारला आणि निळा डाग त्यांच्या दृष्टीस पडला. "हा तांबड्या द्राक्षारसाचा. सोडा लावलात ना?" आम्ही मान हलविली. त्या पुढे म्हणाल्या, "हळदीचा डाग साबणाने लाल होतो, तसेच हे." द्राक्षांच्या सालीतील रंगद्रव्य आंबटपणात तांबडे राहते. सोडा, साबण यांसारखा क्षार लागला की ते निळसर होते. गरम पाण्याने आणि घासण्याने तो रंग तंतूंत खोल मुरतो, आणि लोकरीचे तंतू तर एकमेकांत अडकून बसतात. म्हणजे डाग काढण्याच्या नावाखाली तो पक्का करण्याचे सर्व उपाय आम्ही एकाच रात्री केले होते. आणि ज्या पाण्यासाठी आमचा जिल्हा तळमळत होता, ते पाणी सिस्टरांना जेमतेम तांब्याभर पुरले होते.

त्या रात्री झोप आली नाही. फादरांच्या हातून जे सांडले ते जगातील सर्वांत मोलाचे होते. तरीही त्या नियमात, ते कोणाच्या हातून सांडले, असा प्रश्नच नाही. धुवा आणि आदराने मातीला द्या, एवढेच सांगितले आहे. आमच्या घरी मात्र एक पेला सांडताच आम्ही आधी माणूस शोधला आणि मग डाग. गालिच्यावरचा डाग चार वर्षांहून अधिक काळ आम्हांला टोचत राहिला, कारण तो दिसत होता. सूनबाईंच्या मनावर जे सांडले ते फिकट द्राक्षारसासारखे होते. दिसत नव्हते, म्हणून धुण्याचे कोणाला सुचले नाही. वर्षानुवर्षे प्रायश्चित्त संस्कारात आम्ही राग, अधीरता असे मोघम शब्द उच्चारले असतील. परंतु त्या एका वाक्याचे नाव घेऊन ते कधी सांगितले नव्हते.

सकाळी सूनबाई रांगेतून घागर घेऊन आल्या. आम्ही ती उतरवून घेतली आणि म्हणालो, "सूनबाई, त्या पहिल्या नाताळाला आमच्याकडून फार वाईट बोलले गेले. तुझ्या माहेरचे नाव घ्यायला नको होते."

त्या पदराने कपाळ पुसत थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. "बाबा, पेला सांडला त्याचे मलाही वाईट वाटले होते," एवढेच म्हणाल्या आणि पाणी गाळायला आत गेल्या. त्यांनी 'मी विसरले' असे म्हटले नाही, हे आम्हांला बरे वाटले. टिपून घेण्याचे काम एकदा करून भागत नाही. ते पुन्हा पुन्हा, हलक्या हाताने करावे लागते.

वाचक कुटुंबांना उपयोगी पडावे म्हणून तेव्हापासून शिकलेले चार शब्द सांगून ठेवतो. द्राक्षारस सांडताच जुने पांढरे सुती कापड दाबून ओल टिपावी, कडेकडून मध्याकडे यावे. मग थोडे गार पाणी आणि पुन्हा टिपणे. ओल असेतोवर मीठ पसरले तर ते ती शोषून घेते. वाळलेल्या डागावर मिठाचा उपयोग नाही. रंग उरलाच तर पाण्यात पांढरा व्हिनेगर मिसळून टिपावे. औषधाच्या दुकानातील तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड रंग घालविते, पण ते गालिच्याचाही रंग उडवू शकते. म्हणून आधी उलट्या बाजूच्या कोपऱ्यावर पाहावे. क्लोरीनचे विरंजक लोकरीला कधीही लावू नये. त्यात लोकर विरघळते. शेवटी गालिचा सावलीत, वाऱ्यावर दोन्ही बाजूंनी खडखडीत वाळवावा. जुन्या निळ्या डागावर हे सर्व करून पाहिले. तो थोडा फिका झाला, गेला नाही.

२०१६ च्या नाताळाला सूनबाई नाशिकहून परतल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत चिवडा होता, मनुका होत्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली होती. सौभाग्यवतींनी विचारले, "गालिचा काढून ठेवायचा का?" आम्ही म्हणालो, "असू द्या." मग पांढऱ्या धोतराची एक घडी, मिठाची वाटी आणि गार पाण्याचा तांब्या कोपऱ्यात आणून ठेवला, आणि पेले घेऊन येणाऱ्या सूनबाईंच्या वाटेतून गालिच्याच्या दशा आम्ही हाताने आत दुमडल्या.