उशाजवळची बाटली

गेल्या दिवाळीत आमची कन्या पुण्याहून घरी आली, तेव्हा वहीपूजनासाठीही तिला झोपेतून उठवावे लागले. लहानपणी दुकानात बसून तोंडी हिशेब सांगणारी ही मुलगी, विद्यापीठात एम.कॉम. करते. केस गळत होते, वजन वाढले होते, पाळी दोन-दोन महिने चुकत होती. मी म्हणाले, "वसतिगृहात राहून आळशी झालीस." ते वाक्य मला अजून बोचते.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तिचा गळा चाचपला व टी.एस.एच. तपासावयास सांगितले. थायरॉईड ग्रंथी मंदावली, की तिला जागे करण्यासाठी मेंदूतळाची पीयूषिका ग्रंथी टी.एस.एच. वाढविते, म्हणून कागदावर आकडा चढलेला आणि मुलगी मात्र खचलेली! मी लगेच घरच्या सैंधवाला दोष दिला. सैंधवात आयोडीन नगण्य असते व प्रौढास ते रोज 150 मायक्रोग्रॅम लागते, हे खरे. परंतु हिचे कारण निराळे निघाले. शरीराची संरक्षक शक्तीच स्वतःच्या ग्रंथीवर उलटली होती. हाशिमोतो या जपानी वैद्यांनी 1912 मध्ये हा विकार प्रथम वर्णिला, तो चार स्त्रियांमध्येच. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो कितीतरी अधिक होतो.

कन्येने वसतिगृहातील मैत्रिणींना हे सांगितले, तर त्या म्हणाल्या, "थायरॉईड? तो तर आईच्या वयाचा आजार!" थकवा आणि चुकलेली पाळी त्या परीक्षेच्या खात्यावर मांडत होत्या. त्यांतील एकीने मग तपासणी केली; तिलाही गोळी सुरू झाली.

गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, चहापूर्वी निदान अर्धा तास घ्यावयाची. नवकारशीचे काय, या माझ्या चिंतेवर सासूबाईंनी तोडगा काढला : नवकारशी पारून गोळी, मग अठ्ठेचाळीस मिनिटांची सामायिक, मग चहा. सुट्टीत दोघी शेजारी बसतात.

परवा तिला पाहावयास पाहुणे येणार होते. मी तिच्या उशाजवळची बाटली कपाटात लपविली. ती शांतपणे उठली, बाटली काढून बैठकीतील टेबलावर ठेवली. माझा जीव टांगणीला लागला. मुलाच्या आईंनी बाटली उचलून चष्मा सावरला.

"पन्नासची का? मी गेली बारा वर्षे शंभरची घेते."