चामड्यावरची टीप

बुऱ्हाणपूर हे कापडाचे गाव. सतराव्या शतकात येथून गेलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच प्रवाशाने येथील झिरझिरीत कापड इराण, तुर्कस्तान, रशिया आणि पोलंडपर्यंत जात असल्याचे लिहून ठेवले आहे. आता त्या मलमलीची जागा यंत्रमागांनी घेतली असली, तरी त्यांची खडखड अजून गल्लीगल्लीतून ऐकू येते. तापीकाठच्या या गावी चार पिढ्या काढलेल्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबांनाही कापडाची जाण सहवासाने येते. पोत बोटांनी ओळखावा, उभा-आडवा धागा पाहून कातर चालवावी, टीप वाकडी गेली तर उसवून पुन्हा मारावी, हे आमच्या घरी कोणाला मुद्दाम शिकवावे लागले नाही. चामडे मात्र घरात येत नसे. वहाणांच्या रूपाने ते येई आणि उंबरठ्याबाहेरच थांबे.

हे चामडे घरच्या शिलाई मशीनवर घेण्याचा प्रसंग आला तो आमच्या आत्याबाईंमुळे. त्यांचे वय चौऱ्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी पडण्याचे निमित्त होऊन खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, त्या उठल्या, आणि तेव्हापासून वॉकरच्या आधाराने चालतात. पाय सावरले, पण भार आला हातांवर. या वयात तळव्याची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली असते. वॉकरच्या टणक मुठींनी त्यांच्या तळव्यांना फोड आले. जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळल्या, तर त्या घामाने ओल्या होऊन सरकत. रबरी वेष्टण घातले, तर निमाडच्या वैशाखात ते चिकटू लागले. हळूहळू आत्याबाई वॉकर घेण्याचेच टाळू लागल्या आणि दिवसाचा बराचसा वेळ खाटेवर जाऊ लागला. अशा वयात खाट एकदा जडली की माणूस तिच्यावरून सहसा उठत नाही, ही भीती आम्हा उभयतांच्या मनात होती.

पादत्राणांच्या आतून अस्तर म्हणून मेंढीचे अगदी पातळ व मऊ चामडे लावतात. ते घाम शोषून घेते, सरकत नाही आणि हाताला बोचत नाही. त्याची गवसणी मुठींना चढवावी असे आमच्या मनात आले. परंतु आत्याबाईंचे सोवळे सर्वांना ठाऊक. सकाळी स्नान होताच वॉकर घेऊन त्या देवघरापर्यंत जातात. त्यांना न सांगता चामडे त्यांच्या हाती देणे आम्हांस योग्य वाटले नाही. आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, "दोन दिवस विचार करू दे मला."

तेवढ्या अवधीत आम्ही बाजारातील एका वृद्ध चर्मकारांकडे गेलो. काय करावयाचे आहे ते ऐकून त्यांनी अस्तराच्या चामड्याचा एक मोठा तुकडा आणि मूठभर कातरण पुढे ठेवले. ते म्हणाले, "आधी कातरणीवर टीप मारून पाहा. चांगल्या तुकड्याला हात नंतर लावा." अर्धा-पाऊण मिलीमीटर जाडीचे चामडे घरच्या मशीनवर शिवता येते, त्याहून जाड असेल तर हट्ट करू नये, हेही त्यांनीच सांगितले.

त्यांच्याकडून व कातरणीकडून आम्ही जे शिकलो, ते वाचक-भगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून येथे नोंदवितो. कापडात सुई दोन धाग्यांमधून वाट काढते, आणि टीप उसवून कापड धुतले की ती वाट बहुधा बुजते. चामड्यात ताणा-बाणा नाही. त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात आणि सुईने पाडलेले छिद्र कायमचे राहते. म्हणून टाचण्या लावू नयेत. कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावावेत. खुणा मागच्या बाजूने खडूने कराव्यात. टाके लांब ठेवावेत, इंचाला आठांहून अधिक नकोत. टाके जवळ जवळ पडले, तर पोस्टाच्या तिकिटांच्या कडेसारखी छिद्रांची ओळ तयार होते आणि ताण पडताच चामडे तेथेच फाटते. त्याच कारणाने शेवटी उलटी टीप मारून टाके पक्के करण्याची कापडाची रीत येथे चालत नाही. धाग्याची टोके मागे ओढून हाताने गाठवावीत.

चामड्यासाठी निराळी, टोकाला धार असलेली सुई मिळते. ती चामड्यात बारीक चीर पाडते. पदर दुमडून जाडी वाढते तेथे ती हवीच. पण एकेरी, अगदी पातळ चामड्याला चौदा नंबरची नवी, तीक्ष्ण, साधी सुई पुरते, असा आमचा अनुभव. धागा पॉलिएस्टरचा घ्यावा. बाभळीच्या सालीने किंवा हिरड्याने कमावलेल्या चामड्यात सुती धागा कालांतराने कुजतो. चामडे मशीनच्या दाबपट्टीला चिकटते आणि टाके लहानमोठे पडू लागतात. त्यावर उपाय सोपा: पतंगाचा कागद वर ठेवून टीप मारावी व नंतर कागद फाडून काढावा. आमचे मशीन हाताने फिरविण्याचे, जुने. विजेच्या मशीनपुढे ते मागासलेले दिसते खरे. परंतु या कामात एकेक टाका आपल्या मनगटाच्या ताब्यात राहतो, हा त्याचा मोठा गुण होय. शिवण बसविण्यासाठी इस्त्री करू नये, चामडे आखडते. लाकडी मोगरीने हलकेच ठोकावे. कापताना जनावराच्या पाठीकडचा भाग निवडावा. पोटाकडचा फार ताणतो.

तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी आम्हांला बोलावले. "गुरुवारच्या भजनातला मृदंग कशाने मढवलेला असतो रे?" त्यांनी विचारले. शेळीच्या कातड्याने, हे आम्हांला माहीत होते. "तो देवापुढे चालतो. तुझ्या आजोबांच्या मुंजीत अजिन होतं, तेही कातडंच. मग अडचण कातड्याची नव्हती कधी." एवढे बोलून त्या थांबल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "शिवा. पण गाठी खालच्या अंगाला येऊ देत."

त्यांनी जे वाक्य पुरे केले नाही, ते आमच्या मनात बरेच दिवस घोळत राहिले. मृदंग देवघरात आला, पण तो मढविणारे हात आले नाहीत. संत रोहिदासांची पदे आपण भक्तीने म्हणतो, पण त्यांच्या व्यवसायातील माणूस आपल्या ओसरीवर किती वेळा बसला असेल? हा विचार आपल्यातील काहींनी फार पूर्वी कृतीत आणला होता. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालविले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापन केला आणि मेलेल्या जनावरांचे कातडे सोडविण्याचे काम स्वतःच्या हातांनी केले. त्यांच्या मानाने आमचे चार विती चामडे म्हणजे काहीच नव्हे. तरीही दोन दिवस कातरणीवर टिपा मारल्यावर एक गोष्ट आम्हांस समजली: पुसता किंवा उसवता न येणारे काम जे आयुष्यभर करतात, त्यांच्या हाताला किती अवधान लागत असेल! या कौशल्याला आपण हलके काम म्हणत आलो.

गवसणी तयार झाली ती अशी: मुठीच्या घेराएवढी एक पट्टी, चारही कडा रापीने तासून, डिंकाने दुमडून, त्यांवर एकच टीप, आणि लहान मुलाच्या झबल्याला असतात तसे सुती नाडीचे बंद. बंद खालून बांधले, म्हणजे तळव्याला ना गाठ लागते ना शिवण. रापी आमच्याकडे नव्हती. कडा तासून देण्यासाठी ते चर्मकार स्वतःच घरी आले. आत्याबाईंनी त्यांना आपल्या खाटेसमोरच्या खुर्चीवर बसविले, तळवे पुढे करून फोड दाखविले आणि चहा घेतल्यावाचून उठू दिले नाही. त्यांनीही मूठ हातात धरून पाहिली आणि पट्टी दोन दोरे अरुंद करावयास सांगितली.

या गोष्टीला आता वर्ष होत आले. फोड पुन्हा आलेले नाहीत. सकाळी देवघरापर्यंत आणि संध्याकाळी अंगणातील तुळशीपर्यंत आत्याबाई आपल्या पायांनी जातात. पावसाळ्यात गवसण्यांना बुरशी येऊ पाहते, म्हणून त्या सोडून कोरड्या फडक्याने पुसाव्या व सावलीत वाळवाव्या लागतात. उन्हात ठेवल्यास कडक होतात. उजव्या हाताची गवसणी अंगठ्यापाशी झिजली आहे. दुसऱ्या जोडीसाठी चामडे आणून ठेवले असून, या खेपेस बंद किंचित लांब असावेत, अशी आत्याबाईंची सूचना आहे.