प्रकाशाचें माप

आमच्या प्रयोगशाळेंत, खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यांत, एक काचेची टाकी पुष्कळ दिवस रिकामी पडून होती. लांबी दोन फूट, रुंदी व उंची एकेक फूट; तींत सुमारें ५५ लिटर पाणी मावतें. पावसाळ्याच्या आरंभीं आठवीच्या विद्यार्थ्यांनीं तींत पाणवनस्पती लावून गप्पी मासे सोडण्याची इच्छा दर्शविली, व आम्हीं आनंदानें रुकार दिला. परंतु त्या कोपऱ्यांत ऊन पोंचत नाहीं, आणि प्रकाशावांचून वनस्पतीस आपलें अन्न करितां येत नाहीं. तयार दिवा महाग पडत होता; तेव्हां तो आपणच करावा असें ठरलें.

रीत सोपी आहे. दोन फूट लांबीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर पांढऱ्या एलईडी दिव्यांच्या चिकटपट्टीच्या दोन ओळी आम्हीं लाविल्या. या चिकटपट्टींत तीन-तीन दिव्यांचा एकेक गट असतो. प्रत्येक दिव्यास सुमारें तीन व्होल्ट लागतात, व उरलेला दाब गटांतील रोधक सोसतो. म्हणून ती १२ व्होल्टांवर चालते. ती कापावयाची तर दोन गटांमधील खुणेवरच, हें एका मुलानें भलत्याच जागीं कात्री चालविल्यावर सर्वांस कायमचें कळलें. ॲल्युमिनियम घेण्याचें कारण असें कीं, तें दिव्यांची उष्णता ओढून घेतें; उष्णता सांचली तर एलईडीचें आयुष्य घटतें. पाण्याजवळ घरगुती विजेची तार नेणें धोक्याचें, म्हणून ॲडॅप्टर भिंतीवर उंच बसविला व दिव्याच्या तारेस खालीं झोळ दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारा थेंब ॲडॅप्टरकडे न जातां झोळाशींच गळून पडावा.

वनस्पतींतील हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश अधिक शोषून घेतें. पांढरा एलईडी हा मुळांत निळाच दिवा असून त्यावरील पिवळसर लेपामुळें तो पांढरा दिसतो. असा निळा दिवा साधल्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मुलांनीं हें सर्व वहींत उतरून घेतलें.

चौथ्या दिवशीं हायड्रिलाच्या पानांतून बारीक बुडबुडे मोत्यांसारखे वर येऊं लागले. उजेडांत वनस्पती प्राणवायू सोडतात, हें इंगेनहाऊझ यांनीं १७७९ सालीं पाण्यांत बुडविलेल्या पानांवरील अशाच बुडबुड्यांवरून दाखविलें होतें. आम्हांस धन्यता वाटली, आणि तिच्या पाठोपाठ हांव सुटली. आठ तासांत इतकें, तर चौदा तासांत किती! आम्हीं टायमर चौदा तासांवर लाविला.

आठवड्यानें एक अबोल विद्यार्थी जवळ येऊन म्हणाला, "सर, काचेवर हिरवं दिसतंय. दिवा थोडा कमी वेळ ठेवला तर?" आम्ही घाईंत होतों. "आधीं पुस्तक वाच, मग सल्ला दे," असें म्हणून आम्हीं त्यास वाटेस लाविलें. वर्ग हंसला. तो जाऊन आपल्या बांकावर बसला, व पुढें त्यानें टाकीकडे फिरकणें सोडलें.

तिसऱ्या आठवड्यांत पाणी हिरवें झालें, व पानांवर शेवाळाची लव चढली. वनस्पतीस प्रकाशाबरोबर कर्बवायू व खतही लागतें. तीं न वाढवितां आम्हीं प्रकाशच वाढविला होता, व त्या जादा प्रकाशावर शेवाळ पोसलें. अंधारांत हेंच शेवाळ व याच वनस्पती उलट प्राणवायू घेतात. एके दिवशीं पहांटे मासे पाण्याच्या पृष्ठभागीं तोंड काढून धापा टाकीत होते. त्यांतले दोन मेले.

त्या दिवशीं आम्हीं वर्गांत उभे राहून, चूक आमची होती व या मुलाचें म्हणणें खरें होतें, असें सर्वांसमक्ष सांगितलें. तूं हें कोठें वाचलेंस, असें विचारतां तो म्हणाला, "वाचलं नाही, सर. आमच्या विहिरीवर झाड आहे. ज्या बाजूला ऊन पडतं, तिकडंच शेवाळ धरतं." पुस्तक वाचावयास आम्हीं ज्यास धाडलें होतें, त्यानें विहीर वाचली होती.

दिवा सात तासांवर आणिला, दर आठवड्यास तिसरा हिस्सा पाणी बदललें, शेवाळ हातांनीं काढलें. दीड महिन्यांत पाणी निवळलें.

देवानें दिवसाबरोबर रात्रही नेमिली, हें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. परंतु तिची किंमत आम्हांस या टाकीनें शिकविली. मुलांवर सकाळ-संध्याकाळ ज्ञानाचा दिवा पाजळणाऱ्या आम्हां शिक्षकांनीं, आणि पालकांनींही, यावर क्षणभर विचार करावा. मूल स्वतः पाहूं लागतें, तें त्यास थोडी मोकळीक मिळाल्यावर, आणि त्यानें सांगितलेलें कोणी ऐकून घेतल्यावर.

टायमरची किल्ली हल्लीं त्या मुलाच्या हातीं आहे. दुपारीं चार वाजतां दिवा मालवतो, आणि तो टाकीपाशीं उभा राहून मासे मोजून घरीं जातो.