लेस्टर ते जसोंडी : परतीचा आठवडा

(प्रवासाची दैनंदिनी, लेखांक शेवटचा)

रविवार, लेस्टर

लेकीचं बाळंतपण आटोपलं, नातू पालथा पडायला लागला आणि माझ्या व्हिसाची मुदतही संपत आली. येताना ज्या बॅगेत डिंक, अळीव, खारीक आणि सुंठ होती, तिच्यात आता चॉकलेटं आणि स्वेटर. "मे महिन्यात जसोंडीत स्वेटर कुणाला देऊ गं?" म्हटलं, तर लेक हसता हसता रडायला लागली.

दुपारी शेवटचा बाजार केला. बेलग्रेव्ह रोडवर मेथी, कारली, अळू सगळं मिळतं. केळी मात्र कोलंबियाची नाहीतर इक्वेडोरची. घडावरून उतरवलेली हिरवी केळी तेरा-चौदा अंशांवर जहाजातून समुद्र ओलांडतात आणि इथल्या खोल्यांत पिकवली जातात. थंडी त्याहून वाढली की साल काळपट पडते. किलोचा भाव एका पौंडाच्या आसपास, म्हणजे शंभर रुपयांच्या वर. मी आले तेव्हा जो होता, जवळपास तोच आजही. केळीवाल्यांच्या घरातल्या बाईला याचंच नवल वाटत राहिलं.

सोमवार, मुंबई

नऊएक तासांचं विमान. बाहेर पडताच घामाची धार लागली. दुपार कुर्ल्याला भाच्याकडे काढली आणि संध्याकाळी पंजाब मेल पकडली. १९१२ पासून धावणारी गाडी, आमच्या घरातल्या सगळ्यांची मुंबई हिनेच झाली. समोरच्या बाई जळगावच्या. सूनबाई कॅनडात, सातवा महिना. अळीव विमानात नेऊ देतात का, इथून सुरुवात झाली आणि कसारा घाट कधी गेला ते दोघींनाही कळलं नाही.

मंगळवार, बुऱ्हाणपूर आणि जसोंडी

भुसावळनंतर झोप लागेना. सावदा, निंभोरा, वाघोडा, रावेर. रावेर सुटलं की महाराष्ट्र मागे पडतो. पाट्या हिंदी होतात, तलाठ्याचा पटवारी होतो. केळीच्या बागांना मात्र हद्द दिसत नाही.

पहाटे बुऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या स्टेशनवर उतरले. पुतण्या गाडी घेऊन आला होता. जवळच कुंडी भंडारा आहे. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उतारावर शहराला पुरवायची ही सोय खानखाना अब्दुर्रहीमच्या काळातली, १६१५ची. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरला जाताना बुऱ्हाणपुरात थांबला होता. दैनंदिनी तोही लिहायचा. उतरायला दिलेल्या खोल्या त्याला भट्टीसारख्या वाटल्या, म्हणून गडी तंबूत राहिला आणि वर आजारीही पडला. तेही नोव्हेंबरात! मी मे महिन्यात आले आहे.

घरी पोचले तर जाऊबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मला पंख्याखाली बसवलं. चहा हातात आला, ताट समोर आलं. पाणी घ्यायला उठले तर, "बसा हो ताई, दमून आलात." मसाल्याचा डबा दुसऱ्या फळीवर गेलाय, पिठाचे डबे माळ्याखाली. लेस्टरला पहिल्या दिवसापासून कामाला जुंपलेली मी, इथे स्वतःच्या घरात पाहुणी.

संध्याकाळी ओसरी भरली. लंडन पाहिलं का, राणीचा वाडा पाहिला का, हे पोरांनी विचारलं. आमच्या आबांनी एकच विचारलं, "तिकडं केळी काय भाव?"

सांगितला. आबांनी मनातल्या मनात क्विंटलचा हिशेब केला आणि गप्प बसले. आमच्याकडे कधी क्विंटलला दोन हजारांच्या वर मिळतात, कधी भाव पाचशेच्या आसपास येऊन ठेपतो. "आणि उतरतो कधी?" "उतरतच नाही, आबा." "मग तिथल्या माणसाला झोप लागत असंल." पण तो भाव दुकानातला. इक्वेडोरच्या शेतकऱ्याच्या हातात त्यातलं किती पडतं, ते मलाही कुणी सांगितलं नव्हतं. आपला माल आखातात जातो, इंग्लंडला का नाही, असं एका पोरानं विचारलं. अंतर, शीतसाखळी, तिथल्या औषधफवारणीच्या अटी, असं जावयाकडून ऐकलेलं सांगितलं. जावई केळीतला नाही, हेही सांगितलं.

बुधवार, मळा

उन्हं चढायच्या आत ह्यांच्याबरोबर मळ्यात गेले. मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली केळी, कापणीला आलीय. मी गेले तेव्हा खांब कमरेइतके होते. आता घडाच्या वजनानं वाकलेत, म्हणून बांबूचे टेकू. मे-जूनच्या वादळाची भीती ती हीच. वाकलेल्या खांबाला एक जोराचा झोत पुरतो आणि वर्षाची मेहनत आडवी होते. विहिरीचं पाणी खाली गेलंय, ठिबक दिवसाआड. फोनवर हे रोज "सगळं ठीक" म्हणायचे. पाण्याचं, फुटलेल्या मोटारीचं, मध्येच पडलेल्या भावाचं आज कळलं. "सांगून काय केलं असतंस? तिथून पाणी पाठवलं असतंस?" यावर उत्तर नव्हतं. मात्र कापणी लांबवायची नाही, हे मी तिथेच ठणकावलं. भाव चढेल म्हणून थांबायचं आणि वारा सुटला की डोक्याला हात लावायचा, हे आमच्या घरात पूर्वी झालेलं आहे.

गुरुवार

मंडीचा भाव कालपेक्षा थोडा वर. व्यापाऱ्याशी बोलणं झालं. माल दिल्लीकडे जाणार. सकाळीच जाऊबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "ताई, उद्या पहाटे कापणीला माणसं येणार. चहा-पोहे तुमच्याकडे, भाकरी माझ्याकडे. आणि मसाल्याचा डबा तुम्हाला हवा तिथं ठेवा बाई, मला उंच पडतो."

डबा जुन्या फळीवर ठेवला. तीन किलो पोहे निवडून झाले. शेंगदाणे आणायचे आहेत.